नवख्याचं पान

"...मग आता तरी किल्ली देणार का, अक्का?"

निनादने विचारलं आणि सतरंजीवर मांडी ठोकून बसला. उत्तर घेतल्याशिवाय उठायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता.

अक्का पिशवीतून लोकरीच्या लडी काढत होत्या. एक काढली, नाकाशी नेली, परत ठेवली. दुसरी काढली.

खालच्या मजल्यावर माग चालू होते. इचलकरंजीत शांतता हवी असेल तर ती खटखटीतच शोधावी लागते, आणि अक्कांना ती केव्हाच सापडली होती.

"लिहून झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. काल संध्याकाळीच नेटवर चढवलीत, शंभरावर पानं आहेत. एक गोष्ट सोडलेली नाही."

"कुणासाठी लिहिलंस?"

"नवख्यांसाठी. तुम्हीच सांगितलं होतंत."

"कुठल्या नवख्यासाठी?"

"सगळ्याच."

"सगळे नावाचा माणूस मला कधी भेटला नाही बाबा," अक्का म्हणाल्या आणि परत पिशवीत हात घातला.

 अक्का अशा बोलायला लागल्या की वाद घालण्यात अर्थ नसतो, हे निनादला माहीत होतं.

आता ही किल्ली तिजोरीची नव्हे, हे सांगायला हवं. कावेरीअक्का देशिंगकरांच्या घरात तिजोरी सोडाच, कुलूप लागणारं कपाटही नव्हतं. तंत्रनिकेतनात त्यांनी आयुष्यभर पोरांना कॉम्प्युटर शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर 'बोलपान' लिहायला घेतलं. बोलपान म्हणजे दृष्टी नसलेल्यांना मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. फुकट होता आणि उघडाही होता. कुणीही तो आत शिरून पाहावा, हवा तसा बदलावा, सुधारणा केली तर परत पाठवावी. पाठवलेली सुधारणा मूळ प्रोग्रॅममध्ये घ्यायची की नाही, हे मात्र एकाच माणसाच्या हाती. त्या अधिकाराला सगळे किल्ली म्हणत.

ती अक्कांकडे होती आणि निनादला ती हवी होती.

लोभ म्हणावा तर तसंही नाही. निनाद खळदकर कॉलेजात असताना अक्कांकडे आला, त्यांच्या शेजारी बसून शिकला, आणि पुढे अक्कांहून तरबेज झाला. असं अक्काच सगळ्यांना सांगत. निनाद ते कधी नाकारत नसे, एवढीच काय ती गोम.

बोलपानवर त्याचा जीव होता. नोकरी सांभाळून सुट्टीचे सगळे दिवस त्याने त्यात ओतले होते. पण नवीन माणूस काही टिकत नव्हता. माणसं हौसेने यायची, ग्रुपवर काहीतरी विचारायची, आणि मग दिसेनाशी व्हायची. निनादला त्याचं कारण पक्कं ठाऊक होतं. लोकांना वाचायला नको.

अक्कांचं म्हणणं वेगळं होतं. "मी म्हातारी झाले, तू एकटा पडशील. दोघांवर चाललेलं काम एक दिवस दोघांबरोबर संपतं. माणसं येतील आणि राहतील अशी पानं लिही. मग किल्ली तुझी."

म्हणून त्याने लिहिली होती. जीव ओतून लिहिली होती.

"अक्का, एकदा चाळून तरी बघा."

"मी कशाला? मला येतं की सगळं."

"मग किल्ली?"

अक्कांनी अखेर एक लड पसंत केली. निळी, जाडजूड.

"देते. हात पुढे कर."

निनादचा चेहरा उजळला. त्याने दोन्ही हात पुढे केले, प्रसाद घ्यायला करतात तसे.

अक्कांनी त्या हातांवर लोकरीची लड चढवली. ताणून, नीट बसवली. मग टोक शोधलं आणि गुंडा करायला घेतला.

"...अक्का?"

"हलू नकोस. गुंता होतो."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

दारात एक तरुण बाई उभी होती. डोक्यावरून ओढणी, खांद्याला लॅपटॉपची पिशवी, चेहऱ्यावर एस.टी.तला सगळा धुरळा.

"अक्का, मी तस्नीम. तस्नीम मुलाणी. मिरजेहून आले. तुम्ही फोनवर या म्हणालात..."

"ये की गं! बस. पाणी पी आधी. हा निनाद."

निनादला नमस्कार करायचा होता. हात लोकरीत होते. त्याने मान हलवली.

तस्नीमने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्हीच निनादसर? तुमचं उत्तर आलं होतं मला."

"कसलं?"

"ग्रुपवर मी विचारलं होतं, सुरुवात कुठून करू म्हणून. तुम्ही लिहिलंत, 'सगळं लिहिलेलं आहे. आधी वाचून या.'"

बोलण्यात राग नव्हता. वर्गात हजेरी द्यावी तसं ती पुढे म्हणाली, "म्हणून तेव्हा जे काय होतं ते वाचून आलेय."

निनादला ते उत्तर आठवेना. अशी उत्तरं त्याने इतक्या जणांना दिली होती की त्यातलं हे कुठलं, कसं आठवणार? पण कानशिलं मात्र गरम झाली.

"काय करायचंय तुला बोलपानमध्ये?" अक्कांनी विचारलं. ते त्यांना फोनवरच कळलं होतं. निनादने ऐकावं म्हणून विचारलं.

"मी अंधशाळेत गणित शिकवते, अक्का. मुलं बोलपानवरच अभ्यास करतात. पण ते अपूर्णांक वाचतं ना, ते पुस्तकी वाचतं. दीड आलं की म्हणतं, एक पूर्णांक एक छेद दोन."

"बरोबरच आहे की," निनाद म्हणाला.

"बरोबर आहे, सर. पण माझ्या वर्गात एक मुलगी आहे. आईनं तिला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. पहिल्यांदाच एकटी गेली. दुकानात जाऊन म्हणाली, 'एक पूर्णांक एक छेद दोन किलो साखर द्या.'"

अक्कांचा गुंडा थांबला.

"सगळं दुकान हसलं. आता ती दुकानात जात नाही. म्हणून मला वाटलं... पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच... एवढं त्याला शिकवता आलं तर. माझं मी करते, कुणाला त्रास नको. फक्त सुरुवात सापडत नाही."

"सापडेल. हा निनाद आहे ना, यानं नवी शंभर पानं लिहिलीत तुझ्यासाठी," अक्का म्हणाल्या. "उघड लॅपटॉप."

निनाद सावरून बसला. त्याच्या मनात आलं, बरंच झालं. हातच्या काकणाला आरसा कशाला? ही बाई पानं वाचील, काम करील, आणि अक्का डोळ्यांनी बघतील.

अक्कांनी डब्यातून डिंकाचा लाडू काढला आणि आख्खाच्या आख्खा निनादच्या तोंडात कोंबला.

"हा संपेपर्यंत बोलायचं नाही. आणि लाडू चावायचा नाही, चघळायचा."

डिंकाचा लाडू, त्यात अक्कांच्या हातचा. दगडाला पाझर फुटेल पण तो लवकर फुटत नसे.

तस्नीमने पानं उघडली आणि वाचायला लागली. शिक्षिका ती, एक ओळ गाळेल तर शपथ. आधी प्रस्तावना आली. बोलपानचा उगम, मुक्त प्रोग्रॅमची तत्त्वं, परवान्याची कलमं, आतल्या रचनेची आकृती. नमनालाच घडाभर तेल.

बराच वेळ गेला. गुंडा लिंबाएवढा झाला.

"अक्का, हे पाठ करायचं का?"

 निनादने जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं.

"हां, हे आलं. 'टर्मिनल उघडून पुढील कमांड द्या.'" ती थांबली. "टर्मिनल कुठे असतं?"

निनादने डोळ्यांनी खूण केली. डोळ्यांनी लॅपटॉपचा कोपरा कसा दाखवणार? ती आपली छताकडे बघायला लागली.

मग तिने एकेक करत सगळं उघडून पाहिलं. घड्याळ उघडलं. कॅल्क्युलेटर उघडला, त्याची माफी मागितल्यासारखा बंद केला. शेवटी एक काळी खिडकी उघडली.

"हेच असेल," ती स्वतःशीच म्हणाली. "दिसायला तरी भीतीदायक आहे."

निनादला हसू आलं. बरं चाललं होतं. आता एक कमांड टाइप केली की बोलपानचा सगळा कोड तिच्या लॅपटॉपवर उतरणार होता. त्यापुढे सगळं सोपं होतं.

तिने पानावरची कमांड एकेक अक्षर बघून टाइप केली. एंटर दाबलं.

खिडकीत उत्तर आलं. अशी कमांड सापडत नाही.

तिने परत टाइप केली.

सापडत नाही.

निनादने मान पुढे काढून पाहिलं, आणि तोंडातल्या लाडवासकट त्याचा श्वास अडकला.

पानावर कमांडच्या आधी डॉलरचं चिन्ह होतं. या धंद्यातले सगळे तसंच लिहितात. काळ्या खिडकीत ते चिन्ह आधीपासूनच असतं, त्याच्यापुढे आपण लिहायचं असतं. पानावर ते दाखवायचं ते केवळ इथून पुढे कमांड आहे हे कळावं म्हणून. ते कुणी टाइप करत नाही.

तस्नीमने ते इमानेइतबारे टाइप केलं होतं.

"ऊं! ऊं ऊं!" निनाद म्हणाला.

"गुंता होईल," अक्का म्हणाल्या.

तस्नीमने आता बोट लावून तपासायला घेतलं, पेपर तपासतात तसं. पानावरचं एक अक्षर, खिडकीतलं एक अक्षर. सगळं तंतोतंत जुळत होतं. पहिलं चिन्ह तर अगदी तंतोतंत.

तिसऱ्यांदा टाइप केलं. सापडत नाही.

निनादला आधी राग आला. एवढं साधं कळू नये? सगळ्यांना कळतं!

मग वाटलं, तिला कुठून कळणार? लिहिलंय की आपण कुठेतरी...

कुठे लिहिलंय? त्याने डोळे मिटून शंभर पानं मनातल्या मनात उलटली. परवान्याबद्दल लिहिलं होतं. रचनेबद्दल लिहिलं होतं. चुका कशा कळवाव्यात, कुठल्या शिस्तीने कळवाव्यात, शिस्त मोडल्यास काय, तेही लिहिलं होतं. ते चिन्ह टाइप करू नका, हे कुठेच नव्हतं. त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ते त्याला दिसायचंच बंद झालं होतं.

"अंतर जास्त पडलं असेल का?" तस्नीम पुटपुटली. तिने मोकळी जागा काढून टाकली. एंटर.

सापडत नाही.

"माझंच काहीतरी चुकतंय, अक्का. सर, माफ करा हं, तुमचा वेळ जातोय."

निनाद लाडू चघळायचा थांबला.

माफी! ती माफी मागत होती. आणि ग्रुपवर येऊन गेलेले ते सगळे, ज्यांना वाचायला नको असतं असं तो म्हणायचा, तेही असेच कुठल्यातरी घरात एकेकटे बसले असतील. माझंच चुकतंय म्हणत उठून गेले असतील. ते त्याच्यावर चिडलेसुद्धा नसतील. ते त्याला असह्य झालं.

तस्नीमने आणखी थोडा वेळ प्रयत्न केला. मग हात मांडीवर ठेवले.

"राहू द्या, अक्का. मला हे जमणारं नाही. मुलांना मी आपलं तोंडीच सांगत जाईन. पाव, पाऊण... जमेल तेवढं."

तिने लॅपटॉप हळूच मिटला.

निनादच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला हात मोकळे नव्हते. ते तसंच ओघळून लोकरीवर पडलं.

अक्कांनी पाहिलं. लडीचे शेवटचे फेरे राहिले होते. ते त्यांनी घाई न करता गुंडाळले. पदराने त्याचा गाल पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा.

"लाडू संपला?"

त्याने मान हलवली.

"बोल आता."

बोलण्यासारखं त्याच्याकडे इतका वेळ पुष्कळ साठलं होतं. आता त्यातलं एकच बाहेर आलं.

"तस्नीमताई... तुमचं काही चुकलेलं नाही."

"मग?"

"ते पहिलं चिन्ह. ते टाइप करायचं नसतं."

"पण पानावर आहे."

"आहे. मी घातलंय. मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं."

"मला नव्हतं," तस्नीम म्हणाली.

"...मी सांगितलं नाही ना."

तिने लॅपटॉप परत उघडला. चिन्ह सोडून बाकीचं टाइप केलं. एंटर.

काळी खिडकी भरभरून वाहायला लागली. ओळींवर ओळी. तस्नीमने तोंडावर हात नेला.

"हे मी केलं?"

"तुम्हीच केलंत," निनाद म्हणाला.

पुढच्या पायरीवर ती परत अडली. कुठल्या फोल्डरमध्ये जायचं, ते पानावर नव्हतं. निनादचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. अक्का नुसत्या खाकरल्या. हात परत आला.

"काय दिसतंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

तिने सांगितलं. त्याने ऐकलं. मग तिनेच केलं.

असं आणखी दोनचारदा झालं. दर वेळी तिथे काहीतरी निघायचं जे निनादने लिहिलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट त्याला रोजच्या वाटेवरच्या उंबऱ्यासारखी झाली होती. पाय आपोआप उचलला जायचा. नवं माणूस मात्र तिथेच ठेचाळायचं.

अक्कांनी नवी लड काढली नाही. गुंडा बाजूला ठेवला.

"पोरी," त्या म्हणाल्या, "आता नवख्यांचं पान तू लिही."

तस्नीम हसली. "मी? अक्का, मला यातलं काही येत नाही."

"म्हणून तर म्हणते. लवकर लिही."

"लवकर का?"

"उद्या यायला लागेल. मग तुलाही लिहिता येणार नाही."

निनाद पुढे झाला. "अक्का, त्यांनी सांगावं, मी लिहितो. माझं लिहून होईल पटकन."

"तू नको. तुला येतं." अक्कांनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. "तू चहा टाक."

निनादने चहा टाकला.

स्वयंपाकघरातून त्याला तिच्या टाइप करण्याचा आवाज येत होता. थांबत थांबत, एका बोटाने. मध्येच ती अक्कांना काहीतरी विचारायची. अक्का सांगायच्या. उत्तर तेच, शब्द तेच, आवाजही तोच... फार वर्षांपूर्वी त्याच सतरंजीवर बसून त्याने ऐकलेला. तेव्हा तोही दिवसभर वाटेल ते विचारायचा. एकच गोष्ट दहादा विचारायचा. अक्कांनी त्याला कधी, वाचून ये, म्हटलं नव्हतं. त्याच्यासाठी पानं नव्हती. अक्काच होत्या.

चहा उतू गेला.

पान तयार झालं तेव्हा तस्नीमने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. जरा घाबरतच.

सगळं मिळून एकच पान होतं. पहिली ओळ अशी होती:

'घाबरू नका. मीही आजच आले आहे.'

निनाद ती ओळ वाचून तिथेच थांबला. पुढचं वाचायला त्याला वेळ लागला.

खाली लिहिलं होतं, 'आता एक काळी खिडकी उघडायची आहे. ती कुठे आहे ते सांगते.' आणि मग ती कुठे आहे ते सांगितलं होतं. 'त्यात एक चिन्ह आधीच असेल. ते तिचं आहे, आपलं नाही. आपण त्याच्यापुढे लिहायचं.' मग, 'इथे बऱ्याच ओळी धावत जातील. काही बिघडलेलं नाही. चहा प्या.'

निनादचं बोट 'काळी खिडकी'वर गेलं. शास्त्रशुद्ध शब्द टर्मिनल. ते चुकीचं...

त्याने अक्कांकडे पाहिलं. अक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

त्याने तो शब्द तसाच ठेवला. पुढे फक्त एवढं जोडलं, 'जाणकार हिला टर्मिनल म्हणतात. तुम्हालाही सवय होईल.'

"चालेल ना, ताई?"

"छान आहे की," तस्नीम म्हणाली.

निनादने ते पान लगेच नेटवर चढवलं. मग दोघं बसले आणि अपूर्णांकांचं काम केलं. म्हणजे तस्नीमने केलं. निनाद शेजारी बसून, काय दिसतंय, एवढंच विचारत राहिला. आयुष्यात इतकं अवघड काम त्याने क्वचितच केलं असेल.

उन्हं कलली तेव्हा तिने एक ओळ टाइप केली आणि बोलपानला वाचायला लावली.

यंत्राच्या त्या सपाट, बिनमायेच्या आवाजात उत्तर आलं.

"दीड किलो साखर."

 तस्नीमने ते परत ऐकलं. परत ऐकलं. मग ओढणीने डोळे टिपले आणि हसायला लागली, आणि मग अक्काही हसल्या.

"उद्या पहिल्या तासालाच ऐकवते तिला," ती म्हणाली.

निनाद तिला स्टँडवर सोडून आला. बस हलली तेव्हा ती खिडकीतून ओरडली, "सर, अडले तर विचारू ना?"

"विचारा!" तो ओरडला. बस दिसेनाशी होईपर्यंत तो तिथे उभा होता.

परत आला तर अक्का कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या.

तो सतरंजीवर बसला. 

"अक्का, माझी ती शंभर पानं काढून टाकतो."

"कशाला? चांगली आहेत. त्या पोरीला पुढे लागतील."

"तुम्ही वाचलीत?"

"सगळी. रात्रभर वाचली." त्यांनी चष्मा काढला. "फार छान लिहिलंयस रे. मला तुझा अभिमान वाटला."

निनादने मान खाली घातली. सकाळी हेच ऐकायला तो आला होता. आता ते ऐकून भडभडून आलं.

"किल्लीचं काही विचारत नाहीस?"

"इतक्यात नको, अक्का. मला अजून... म्हणजे मी कुणाला कसं वागवलं ते आज... थोडे दिवस जाऊ देत. मग बघू."

अक्कांनी चष्मा परत चढवला. दोन कळा दाबल्या.

"दिली," त्या म्हणाल्या.

निनादने मान वर केली.  त्याने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. अक्कांनी तो हात धरून त्याला शेजारी बसवलं.

खालचे माग पाळी बदलायला थांबले होते. पहिल्यांदाच खोलीत खरोखरची शांतता झाली.

तेवढ्यात निनादच्या फोनवर टिंग झालं.

नव्या माणसाने ग्रुपऐवजी थेट बोलपानला काही विचारलं की ते आधी किल्लीवाल्याकडे जातं, अशी बोलपानची रीत. इतकी वर्षं ते अक्कांकडे जायचं. हा निरोप निनादकडे आला होता.

त्याने वाचला. परत वाचला. त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"कुणीतरी नवीन आहे, अक्का. तस्नीमताईंचं पान वाचलंय त्यानं. तसं लिहिलंयही... पण तरी अडलाय. पहिल्याच पायरीला. काळी खिडकी उघडतच नाही म्हणतो." त्याने फोन खाली ठेवला. "इतकं सोपं पान, आणि तरी अडला. मग उपयोग काय झाला हो सगळ्याचा?"

अक्कांनी फोन उचलून त्याच्या हातात परत दिला.

"विचारतोय ना?" त्या म्हणाल्या. "म्हणजे अजून गेलेला नाही."